भट्टीतल्या करंज्या

"हसन्या, नाव हसन आणि तोंड मेल्यावानी का रं तुझं?"

हौसामावशी भट्टीच्या दारात उभी राहून ओरडली. आत कट्ट्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर परात. दिवाळी तोंडावर आलेली. आमच्याकडं तेव्हा घरोघरी नानकटाई व्हायची, पण भट्टी कुणाच्या घरात असणार? बाया मैदा, साखर, डालडा घरनं आणायच्या, माझ्या कट्ट्यावर बसून तळहातानं डालडा फेसायच्या, गोळे वळून पत्र्यावर मांडायच्या, आणि मी ते पत्रे लांब दांड्याच्या फावड्यानं आत सारायचो. माल त्यांचा, हात त्यांचे, आग माझी. करपलं की शिव्याही माझ्याच.

एरवी मी मावशीला सोडलं नसतं. "तुला बघितलं आणि तोंड असं झालं," असलं काहीतरी बोललो असतो, तिनं माझ्या खानदानाचा उद्धार केला असता, बाया हसून लोळल्या असत्या. मावशीला भांडल्याशिवाय अन्न पचायचं नाही. माझ्या बापाशी ती जन्मभर भांडली. बाप गेला तेव्हा दारात बसून हमसून हमसून रडली, आणि मधेच नाक पुसून म्हणली, "मुलाण्यानं माझा एक पत्रा करपवला होता, कबूल न करताच गेला."

अशी बाई. पण त्या दिवशी मी मान खाली घातली.

"ये मावशी. बस," म्हणालो.

कट्ट्यावरचा बांगड्यांचा आवाज थांबला. कुणीतरी सरकून जागा केली. "इथं बसा काकी, इथं वारं लागतंय." दुसरीनं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

मावशीनं सगळ्यांवरनं एक नजर फिरवली. मग परत माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय गं, आज समद्यास्नी देवानं अक्कल वाटली का काय?" ती म्हणली आणि बसली.

तिचा संपत मेला होता. भट्टीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. तिला सोडून.

आता आधीचं सांगतो. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात जातात. गलाई म्हणजे सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. एक खोली, एक कोळशाची भट्टी, तेजाबाच्या बाटल्या, एवढंच दुकान. पण त्यापायी आमची माणसं कुठं कुठं पांगलीत बघा, ज्या गावाचं नावही आमच्या तोंडात बसत नाही तिथं. संपत तिकडं बंगालात होता, आसनसोलला. त्याचा भागीदार बंडू.

त्या काळात गल्लीत फोन एकच, माझ्या बेकरीतला. सणवाराच्या आधी तो वाजला की मी धावत मावशीला बोलवायला जायचो, कारण संपतचाच असायचा. त्या दिवशीही तसाच निघालो होतो. एक पाय दाराबाहेर. तेवढ्यात बंडू तिकडनं म्हणाला, "हसनभाऊ, कुणाला बोलवू नका. आधी ऐका."

बंडू उधारीच्या कामाला दुसऱ्या गावी गेलेला. इकडं आसनसोलला पावसाची झड लागली म्हणून संपतनं दार-खिडकी लावून घेतली. आत भट्टी निखाऱ्यावर होती. तो तिथंच झोपला. धूर कोंडला आणि तो उठलाच नाही. मयत एवढ्या लांबनं आणायची कशी? तिथल्या आपल्या माणसांनी तिथंच उरकलं.

मी फोन ठेवला आणि ज्ञानूतात्यांकडं गेलो. तात्या म्हणजे संपतचे चुलते, भावकीत वडीलधारे. त्यांनी दोन-चार जणांना माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत बोलवलं, मैद्याच्या पोत्यांवर बसवलं.

"मालनला कळता कामा नये," ते म्हणाले.

मालन म्हणजे संपतची बायको. दिवस भरत आलेले. आधीची दोन गेलेली, एक पोटात, एक जन्मून तासाभरात. हिला धक्का बसू देऊ नका, नाहीतर मूल जाईल आणि हीही जाईल, असं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. माहेरी तिला कुणी नव्हतं. सासरा आधीच गेलेला. ती आणि सासू, दोघीच घरात.

"बाळंत होऊ दे," तात्या म्हणाले, "मग बघू."

"आणि मावशीला?" मी विचारलं.

"हौसाला? अरं, तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"पण तात्या, आई हाय ती."

"म्हणूनच. उंबऱ्यात बसून हंबरडा फोडंल. मग आतली पोर काय करंल? सांग की."

तेच ठरलं. गल्लीत ज्याला त्याला सांगितलं गेलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडाला कुलूप बसलं. माझ्यावर एक काम आलं. मी मावशीला जाऊन सांगितलं, की संपतचा फोन आला होता, सणाचं काम लई आहे, दिवाळीला यायला जमत नाही म्हणतोय.

मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटेल. लेकाला, बंडूला, मला, सगळ्यांना.

"बरं," मावशी म्हणली. आणि घरात गेली.

तर त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती अशी भट्टीत आली. मी तिची पाटी उघडली. बघतो तर नानकटाईचं सामान थोडंच. बाकी मैद्याचा मळलेला गोळा, खोबऱ्याचं सारण, लाटणं, पोळपाट, कातण.

"हे काय गं मावशी? करंज्या?"

"मग काय लगोऱ्या खेळाय आणलंय?"

"करंज्या तळत्यात."

"ह्या भाजायच्या. आणि शंकरपाळ्यापण."

कट्ट्यावर कुणाला हसू आवरलं नाही. एकीनं विचारलं, "आणि चकली हो काकी?"

"चकलीपण भाजंल की. भट्टी हाय का चूल हाय ही?"

"मावशी," मी म्हणालो, "भाजलेली चकली म्हणजे म्हशीचा खुराक गं. आणि करंजी निघंल दगडावानी. संपतनं खाल्ली तर…"

जीभ चावली मी. सगळ्या बाया परातीत बघायला लागल्या.

मावशीनं पोळपाट मांडलं. "मालनला तेलाचा वास सोसत न्हाई," ती म्हणली. "कढई चढवली की तिला उमासं येत्यात. पोटुशी पोर. तिला सणाचं गोड तर पायजे का नको? तू वरनं दूध लाव, मोहन मी जास्त घातलंय. बाकी तुझं तू बघ."

मला ते पटलं. पटणारच, माझी बायको सहाव्या महिन्यापर्यंत पावाच्या वासानं ओकायची, आणि नवरा बेकरीवाला. मी मावशीच्या करंज्यांना दूध लावलं, भट्टी जरा निवू दिली, ओल्या पोत्यानं तळ पुसला आणि हळूच पत्रा सारला. त्या फिक्या पिवळ्या निघाल्या, कडेला तांबूस. वाईट नव्हत्या. खरं सांगायचं तर देखण्या होत्या.

आमच्याकडं रीत अशी, की पहिला पत्रा निघाला की जिचा माल तिनं त्यातलं एक गरमगरम तोंडात टाकायचं. जमलंय का नाही ते तीच सांगणार. मी नानकटाई फडक्यावर घेऊन मावशीपुढं धरली.

"दात दुखतोय," ती म्हणली.

"करंजी तरी चाख."

"सांगितलं न्हवं दात दुखतोय?"

ती उठली. डबे तिथंच ठेवले, निवल्यावर घरी पोचते कर म्हणली, आणि गेली. माझ्या तोंडावर एकही वाकडा शब्द न टाकता गेली. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. एकजण पदरानं डोळे टिपत म्हणली, "माऊलीला काय ठावं बिचारीला. लेकाचं मढं जळलं आणि ही करंज्या लाटतीया."

मीही तेच म्हणत होतो मनात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपार कलल्यावर मी डबे घेऊन मावशीच्या घरी गेलो. मालन दारात रांगोळी घालत होती. पोट एवढं मोठं, की तिला वाकता येत नव्हतं. पाटावर बसून, हात लांब करून चालली होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर हे एवढं कुंकू. मी डब्यांकडं बघत राहिलो.

"भावजी, करंज्या भाजल्या म्हणं तुम्ही?" ती हसली. "दात ऱ्हातील का आमचं?"

"खाऊन बघ की."

"त्यांचा फोन आला का परत?"

"न्हाई गं. लाइन खराब हाय सध्या."

"आल्यावर सांगा. म्हणावं, बायको ढोलावानी झालीया, लवकर या न्हाईतर दारातनं बाहेर निघायची न्हाई."

"सांगतो," म्हणालो.

मावशी आत तांदूळ निवडत होती. तिच्या गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. सांजच्याला लक्ष्मीची पूजा मालनच करणार होती, मावशीला म्हणे खाली बसता येत नव्हतं. आणि तांदूळ निवडत ती बसली होती ती जमिनीवरच. माझ्या हे आत्ता सांगताना ध्यानात येतं. तेव्हा नाही आलं.

मी डबे ठेवून बाहेर पडतोय तोच गल्लीच्या तोंडाशी आक्काताई दिसली. ही मावशीची नणंद, संपतची सख्खी आत्या. एस. टी. नं चार गावं ओलांडून आलेली. हातात फडक्यानं झाकलेलं ताट, आणि चालताना ती त्या ताटाकडंच बघत होती.

ते ताट कसलं, हे मी ओळखलं.

आमच्या मुलखात कुणाही हिंदूच्या घरातली रीत सांगतो. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या वर्षीच्या दिवाळीला कढई चढत नाही. तळण करायचं नाही. मग भावकी, शेजारीपाजारी फराळाचं ताट भरून आणतात. ते झाकून आणायचं, घ्या-खा म्हणायचं नाही, नुसतं उंबऱ्याच्या आत ठेवायचं. ताट दारात आलं म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं.

आक्काताईचा पोरगाही गलाईत. तिला तिकडनं बातमी लागली असणार. पण इथं लपवून ठेवलंय, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आम्ही गल्लीची तोंडं बंद केली आणि सख्ख्या आत्याला विसरलो.

मी पुढं धावलो. "आक्का, आधी माझ्याकडं चला, चहा…"

तिनं ऐकलंच नाही. मला बाजूला सारून ती दारापाशी पोचली. मालन हात झटकत उठायला लागली. "आक्का? या की! अगंबाई, न कळवता?"

आक्काताईनं मालनच्या कपाळाकडं बघितलं. आतून मावशी आली.

"हौसा," आक्काताई म्हणली. "कढई न्हाई ना चढवलीस? म्हणून आणलं गं. माझा संप…"

पुढचं अक्षर निघालं नाही. मावशीनं तिच्या तोंडावर हात हाणला.

आवाज एवढा मोठा झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. ताट उडालं. लाडू गटाराकडं गडगडत गेले, चिवडा रांगोळीवर सांडला.

"कढई न्हाई चढवली!" मावशी किंचाळली. "व्हय, न्हाई चढवली! गावभर सांगत सुटलीस व्हय गं? भावाच्या माघारी त्याच्या घरात तेलाचा दुष्काळ पडला, म्हणून ताट घेऊन हिणवाय आलीस? भिकारी झालो आम्ही? आं?"

"हौसा, अगं मी…"

"तोंड उघडू नगंस! लग्नात माझ्या साडीला नावं ठेवलीस, तवापास्नं जळतीयास माझ्यावर! चल, नीघ!"

आणि धक्के मारत तिला उंबऱ्यापासनं लांब न्यायला लागली. एक धक्का, एक शिवी. आक्काताई काही बोलायला गेली की मावशीचा आवाज दुप्पट. असलं भांडण आमच्या गल्लीनं पूर्वी बघितलं नव्हतं आणि पुढंही बघितलं नाही. मालन सासूला आवरायला मधे पडली. "आत्याबाई, काय करताय? वडीलधाऱ्या हायत्या!"

"तू आत जा!" मावशी तिच्यावर वळली. "पोटुशी बाई भांडणात उभी ऱ्हाती व्हय? आत जा म्हंते न्हवं! दार लाव!"

मालन रडवेली होऊन आत गेली. दार लागलं.

मावशी तिथंच उभी राहिली, धापा टाकत. हात अजून वर उचललेलाच. मग तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. हिला ने, अशी.

मी आक्काताईला धरून भट्टीवर आणलं. गालावर बोटं उठली होती तिच्या. कट्ट्यावर बसवून पाणी दिलं. मालनच्या जिवाचं, तिच्या आधीच्या दोन पोरांचं, तात्यांनी ठरवल्याचं, सगळं सांगितलं. ती कपाळ बडवायला लागली.

"देवा, मी काय करणार होते रं! त्या पोरीच्या म्होरं बोलणार होते!"

"तुमचं काय चुकलं, आक्का. आम्ही सांगाय पायजे होतं. आणि मावशीचं मनावर घेऊ नका. तिला बिचारीला काहीच ठावं न्हाई, तिला वाटलं…"

आक्काताई रडायची थांबली.

"ठावं न्हाई?" ती म्हणली. "मग माझं तोंड का दाबलं तिनं?"

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तू तिचं डोळं बघितलंस का, मारताना? मला मारणाऱ्या बाईचं डोळं न्हवतं ते. पाया पडल्यागत बघत होती माझ्याकडं." तिनं नाक पुसलं. "आणि कढई का न्हाई चढवली रं तिनं?"

"मालनला वास सोसत न्हाई म्हणून. समदं भट्टीत भाजून घेतलं माझ्याकडनं. करंज्यासुद्धा."

"करंज्या भाजून घेतल्या?"

"व्हय."

"तिनं खाल्लं त्यातलं काही?"

"दात दुखत होता तिचा."

आक्काताईनं गालावरचा हात काढला. मग सावकाश म्हणली, "पाळलंय रं तिनं. लेकाचं दुःख पाळलंय हौसानं. सुनेला सण दिला, पण घरात कढई चढू दिली न्हाई."

भट्टीत लाकूड फुटलं. मी मैद्याच्या पोत्यावर टेकलो.

पाडव्याच्या सकाळी मावशी आली. भट्टी बंद होती, सणाचा दिवस. मी एकटाच राख ओढत होतो.

"आक्का गेली का?"

"पहिल्या गाडीनं."

"काही खाल्लं का तिनं?"

"चहा घेतला."

"गाल सुजला होता का?"

"होता थोडा."

ती कट्ट्यावर बसली. नेहमीसारखी फतकल मारून नाही, कडेला.

"कुणी सांगितलं तुला मावशी?" मी विचारलं.

"तुम्हीच की. गल्लीनं." ती म्हणली. "तू येऊन म्हणालास, संपत येत न्हाई. त्यानंतर कुणी माझ्याशी भांडलं न्हाई, हसन्या. नळावर माझी घागर पुढं सरकवली. मी शिवी दिली तर बाया 'व्हय काकी' म्हणायच्या. ज्ञानूभावजी, जो माझ्या सावलीला उभा ऱ्हात न्हाई, तो येऊन विचारतोय, वहिनी, काय लागतंय का. मला काय कळत न्हाई? पर म्हणलं, बघूया. अजून हसन्या ऱ्हायलाय."

"मी?"

"सामान घेऊन आले तवा मुद्दाम डिवचलं तुला. म्हणलं, हसन्या उलटं बोलला तर माझा लेक जिता हाय. काहीतरी दुसरं असंल, दुखणं असंल, तुरुंग असंल, काहीबी असू दे. तू एक शिवी दिली असतीस ना, तर तशीच पाटी उचलून घरी गेले असते. कढई चढवली असती. हात दुखंस्तवर तळलं असतं." ती थांबली. "तू म्हणालास, ये मावशी, बस."

मी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

"ज्यानं ऐकलं त्याला सुतक," ती म्हणली. "ज्यानं ऐकलं न्हाई त्याला न्हाई. त्या पोरीनं ऐकलेलं न्हाई. तिनं लक्ष्मी पुजली. आज पाडवा, सकाळी न्हाऊन त्याच्या फोटोला ओवाळलं. मला म्हणली, आत्याबाई, ताट धरा, मला वाकाय येत न्हाई. मी धरलं."

"मावशी, रड गं," मी म्हणालो. "इथं कोण न्हाई. कुणी विचारलं तर म्हण, भट्टीचा धूर लागला डोळ्यात."

धूर म्हणालो आणि मलाच कसंतरी झालं. तिनं मान वर केली.

"कसा गेला?"

तिला तेवढं माहीत नव्हतं. आठवडाभर लेक मेल्याचं पोटात घेऊन हिंडत होती, आणि कसा मेला हे विचारायला तिला जागा नव्हती. मी सांगितलं. दार बंद होतं, निखारे होते, झोपला होता.

"झोपेतच?"

"झोपेतच."

"धडपडला न्हाई?"

"बंडू म्हणला, कुशीवर होता. पांघरूण तसंच होतं."

ती भट्टीच्या तोंडाकडं बघत बसली. आत राखेशिवाय काही नव्हतं. मग पदर खोचून उठली.

"रडले तर डोळं सुजतील, हसन्या. ती विचारंल. आणि एकदा सुटलं तर मला आवरायचं न्हाई." दारात थांबून म्हणली, "तात्यास्नी सांगू नगंस मला ठावं हाय म्हणून. समद्यांनी असंच वागू द्या. आणि भांडाय सांग कुणालातरी. पोरीला संशय येईल."

मग मी भांडलो. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन, डबे परत दिले नाहीस म्हणून मोठमोठ्यानं भांडलो. तिनं माझ्या आजापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. मालन आतनं हसत होती. मी घरी येऊन जेवलो नाही.

दिवाळी सरली. मालन मोकळी झाली एका सकाळी, घरीच, सुईणीच्या हातावर. मुलगी झाली. रडली अशी की चार घरांपर्यंत ऐकू गेलं. सुईणीनं बाहेर येऊन दोन्ही हात जोडले, तेव्हा गल्लीतली माणसं नुसती उभी होती, पेढे मागायला कुणी पुढं होईना.

तात्या म्हणाले, आता सांगूया. तेव्हा कुठं मावशीनं तोंड उघडलं त्यांच्यापुढं. "दूध उतरू द्या," म्हणली. "आता सांगितलं तर अंगावरचं दूध आटंल." तात्या तिच्याकडं बघतच राहिले. हिला सगळं ठाऊक होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

पुढं काही दिवसांनी, बाळ अंगावर नीट प्यायला लागलं तेव्हा, मावशीनं मला बोलावणं धाडलं. मी बाळंतिणीला टोस्ट घेऊन गेलो. दुपारची वेळ. तात्या आणि भावकीतले दोघं-चौघं अंगणात बसले होते, पायातल्या वहाणांकडं बघत.

"मी सांगतो तिला," तात्या म्हणाले.

"कुणी न्हाई," मावशी म्हणली. "माझी सून हाय."

ती आत गेली. मी उंबऱ्याशी. मालन बाजेवर टेकून बसली होती, तोंडावर तेज आलेलं, बाळ मांडीवर. मला बघून म्हणली, "भावजी, नाक बघा, तंतोतंत त्यांचं."

"पोट भरून प्यायली का ती?" मावशीनं विचारलं.

"प्यायली की. आत्ताच डोळा लागला."

"दे माझ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या की आत्याबाई. उठंल."

"दे."

मालननं दिलं. मावशीनं बाळ छातीशी घेतलं, त्याच्या डोक्याला नाक लावलं, आणि वळून माझ्यापुढं केलं.

"हात धुतलास का?"

"धुतलेत."

"धर. मानेखाली हात घाल. अंगणात जा."

"आत्याबाई?" मालन मागनं म्हणली. "का? काय झालं?"

"दार ओढून घे," मावशी मला म्हणली.

मी दार ओढलं. जन्म गेला माझा तापलेले पत्रे उचलण्यात, पण ते एवढंसं गाठोडं मला पेलवेना. तात्या उठून उभे राहिले. आतनं मावशीचा आवाज येत होता, बारीक, शब्द कळत नव्हते. एवढ्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग तोही थांबला.

आम्ही मालनच्या आवाजाची वाट बघत होतो. पण पहिला हंबरडा तिचा नव्हता. मावशीचा होता. कोंडून ठेवलेला सगळा एकदम बाहेर पडला, आणि मग त्याच्यात दुसरा मिसळला, आणि कुठला कुणाचा ते कळेना. गल्लीतल्या बायका घराघरातनं पळत आल्या.

माझ्या हातात पोर झोपेत दचकली. मूठ उघडली, मिटली. उठली मात्र नाही. मी तिला घेऊन अंगणात या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत राहिलो.